कपाटाचं दार आपोआप का मिटतं, आणि ते जागेवर कसं आणायचं

कपाटाचं दार उघडावं, वस्तू घ्यायला मागे वळावं आणि पुन्हा पाहावं तर दार मिटलेलं. परत उघडा, परत तेच. कोणी ते पायाने अडवून धरतं, कोणी दाराखाली कापडाची घडी कोंबतं, आणि शेवटी कंटाळून बिजागऱ्या बदलायचं ठरतं. मीही एका उंच कपाटाच्या बिजागऱ्या दोनदा बदलल्या होत्या. नव्या, जाड पानांच्या बिजागऱ्या लावल्या तरी दार मिटतच राहिलं. कपाटाच्या मागच्या पायांखाली दिलेला पुठ्ठा ओल लागून दबला होता आणि सबंध कपाट थोडंसं मागे झुकलं होतं. पुठ्ठा काढून त्या जागी कडक प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवल्या, तेव्हा कुठे दार जिथे सोडाल तिथे उभं राहू लागलं.

त्या दिवसापासून मी कुठल्याही मिटणाऱ्या दाराला हात लावण्याआधी पाच मिनिटं त्याच्याकडे नुसतं पाहतो. ते कुठून निघतं, कुठे वेग घेतं, कुठे थांबतं, एवढ्यावरून दोष कपाटात आहे, भिंतीत आहे, स्क्रूत आहे की बिजागरीच्या स्प्रिंगमध्ये, हे बहुतेक वेळा कळतं. पहिल्यांदाच अशी दुरुस्ती करणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. आधी निदान, मग हत्यारं.

दार हलतंच का

दाराच्या वरच्या आणि खालच्या बिजागरीच्या पिनांमधून एक सरळ रेषा काढली आहे असं समजा. दार या रेषेभोवती फिरतं. रेषा अगदी ओळंब्यात, म्हणजे वजन बांधून लोंबवलेल्या दोऱ्यासारखी सरळ उभी असेल, तर दार कितीही उघडलं तरी त्याचं वजन जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतं. कुठेही सोडा, त्याला हलायचं कारण नाही. रेषा थोडी जरी कलली, तरी फिरताना दाराचं वजन किंचित वर-खाली होऊ लागतं. मग दार उतारावरच्या गोटीसारखं सर्वांत खालच्या जागेकडे निघतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं एखादं पुस्तक घ्या. ते टेबलावर उभं धरा, कणा डावीकडे, पुढचं कव्हर तुमच्याकडे. कव्हर अर्धवट उघडा आणि पुस्तक हळूच मागे झुकवा, कव्हर मिटायला लागेल. पुढे झुकवा, उघडायला लागेल. आता उजवीकडे, म्हणजे कव्हराच्या मोकळ्या कडेच्या दिशेने कलवा. पुन्हा मिटेल. डावीकडे कलवलं की उघडेल. कपाटाच्या दारांचं सगळं गणित या चार हालचालींत आहे, म्हणून हा प्रयोग एकदा खरंच करून बघा.

किती कल पुरतो? एक अंशाचा कल म्हणजे साधारण ५७ सेंटीमीटर उंचीला १ सेंटीमीटर. पाच किलो वजनाचं, ४५ सेंटीमीटर रुंदीचं दार धरलं, तर एवढ्या कलाने मुठीपाशी जास्तीत जास्त ५० ग्रॅमच्या आसपास ओढ तयार होते. ही ओढ हाताला जाणवतही नाही, पण गुळगुळीत फिरणाऱ्या बिजागरीवर दार पूर्ण मिटवायला ती पुरेशी असते. घट्ट किंवा गंजलेली बिजागरी तेवढा कल सहज पचवते. म्हणूनच पुष्कळदा कुरकुर थांबावी म्हणून तेल घातलं की वर्षानुवर्षं जागेवर थांबणारं दार एकदम मिटायला लागतं. कल आधीपासून होताच, गंजामुळे तो दिसत नव्हता. अशा वेळी तेल पुसून काढत बसू नका. कल शोधा.

आधी दाराची परीक्षा

खिडक्या आणि पंखे बंद करा. वाऱ्याने मिटणारी दारं मी पाहिली आहेत, आणि त्यांना दुरुस्तीची नाही, आडकाठीची गरज असते. दारावर आतून अडकवलेल्या पिशव्या, टोपल्या काढून ठेवा. मग दार थोडं उघडून सोडा, अर्धं उघडून सोडा, काटकोनात उघडून सोडा, आणि जमत असेल तर काटकोनाच्याही पलीकडे नेऊन सोडा. सोडताना हाताने गती देऊ नका, बोट फक्त अलगद काढून घ्या.

अर्ध्यावरून दार झपकन मिटतं, पण काटकोनात उघडं ठेवलं तर जवळजवळ थांबतं, आणि काटकोनापलीकडे नेलं की उलट आणखी उघडत जातं, असं दिसलं तर बिजागऱ्यांची रेषा मागे, भिंतीकडे कलली आहे. या प्रकारात ओढ सर्वांत जास्त असते ती दार मिटायच्या बेताला, काटकोनात ती शून्यावर येते.

याच्या उलट, दार काटकोनातूनच जोरात निघतं, पार मागे नेलं तरी परत येतं, आणि मिटायच्या थोडं आधी मंदावतं किंवा बोटभर फट ठेवून थांबतं, तर रेषा बाजूला कलली आहे, दाराच्या मोकळ्या कडेच्या दिशेने. इथे सर्वाधिक ओढ काटकोनात असते आणि मिटता मिटता ती संपते.

एकाच दाराच्या कपाटाला हा फरक फार उपयोगी पडतो, कारण तुलना करायला शेजारी दुसरा पल्ला नसतो. दोन पल्ल्यांचं कपाट असेल तर काम आणखी सोपं. दोन्ही पल्ले मिटत असतील तर कपाट मागे कललं आहे. दोन्ही उघडत असतील तर पुढे. एक मिटतो आणि दुसरा उघडतो, तर कपाट बाजूला कललं आहे, आणि ज्या बाजूला कललं आहे त्या बाजूचा पल्ला उघडतो. एक पल्ला शांत उभा आणि दुसराच त्रास देतो, तर कपाटाला दोष देऊ नका. त्या एका पल्ल्याच्या बिजागऱ्या ढिल्या झाल्या आहेत किंवा एका रेषेत नाहीत.

उरला एक वेगळा प्रकार. दार बहुतेक अंतरात कुठेही थांबतं, पण मिटायला थोडंच राहिलं की झटक्याने किंवा सावकाश दबकत आत ओढलं जातं. हा बिघाड नाही. ती बिजागरीतली स्प्रिंग आहे. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

कल मोजायचा कसा

परीक्षेने दिशा कळली, आता किती ते मोजू. पाणसळ असेल तर उत्तम, पण तिच्यावर आंधळा विश्वास नको. कपाटाच्या कडेला लावून बुडबुडा कुठे येतो ते पाहा, मग पाणसळ वरची बाजू खाली अशी उलटी करून त्याच जागी पुन्हा लावा. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला तेवढाच सरकलेला दिसला तर पाणसळ खरी बोलते आहे. मोबाइलमधल्या पाणसळीलाही हीच कसोटी लावा, शिवाय मोबाइलचं कव्हर आधी काढा.

मला स्वतःला ओळंबाच जास्त आवडतो, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. बारीक दोऱ्याला एक जड नट बांधा. दोऱ्याचं वरचं टोक कपाटाच्या बिजागरीच्या बाजूच्या कडेला चिकटपट्टीने असं लावा, की दोरा कडेपासून थोडा दूर मोकळा लोंबेल. नट स्थिर झाला की दोरा आणि कड यांमधलं अंतर वर मोजा आणि खाली मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तेवढ्या उंचीतला कल. हे दोनदा करायचं: एकदा समोरून पाहून, म्हणजे डावा-उजवा कल कळेल, आणि एकदा बाजूने पाहून, म्हणजे पुढचा-मागचा कळेल. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. पाचरी सरकवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी इतक्या होतात की आकडे हमखास विसरतात.

यासोबत कपाट गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात, आहे का तेही बघा. टेपने समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि त्याच्या उलट. दोन्ही सारखे असायला हवेत. फरक एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर चौकट तिरकी झाली आहे, आणि मग जमिनीवर ते कितीही नीट बसवलं तरी बिजागऱ्यांची रेषा सरळ होणार नाही. बहुतेक वेळा कारण मागे असतं. कपाटाला काटकोनात धरून ठेवते ती मागची पातळ फळी. कपाट ओढून सरकवताना तिचे खिळे उपटतात, आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण ती बाजू भिंतीकडे असते.

जमिनीवरचं कपाट सरळ करणं

मिटणाऱ्या दारांपैकी मोठा वाटा इथला आहे, त्यामुळे या कामाला घाई करू नका. शक्य असेल तर जोडीला एक माणूस घ्या.

१. कपाट पूर्ण रिकामं करा, निदान वरचे कप्पे तरी. भरलेलं कपाट तिरकं करून त्याखाली हात घालणं धोक्याचं आहे, आणि भरलेल्या कपाटाच्या फळ्या वाकलेल्या असल्यामुळे मोजमापही फसवं येतं.

२. कपाट भिंतीपासून थोडं पुढे घ्या आणि मागची फळी तपासा. खिळे सुटले असतील तर आधी कर्ण जुळवून घ्या. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना एकमेकांकडे दाबलं की चौकट हळूहळू गुण्यात येते. दोन्ही कर्ण सारखे झाले की त्याच स्थितीत धरून फळी पुन्हा ठोका, किंवा छोट्या स्क्रूंनी आवळा. स्क्रू जास्त टिकतात.

३. कपाट जागेवर ठेवा आणि चारही पाय जमिनीला टेकले आहेत का ते बघा. कोपरे आळीपाळीने दाबा. एखादा कोपरा डुगडुगत असेल तर सगळ्यांत आधी त्याखाली पाचर द्या, कारण तीन पायांवर उभं असलेलं कपाट पिळवटतं, आणि मग एकाच कपाटाचे दोन पल्ले दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागतात.

४. आता कल काढा. मागे कललेल्या कपाटाच्या मागच्या दोन्ही पायांखाली सारख्या जाडीची पाचर हवी. बाजूला कललेल्याला त्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या पायाखाली. फिरवायचे पाय असतील तर पाचरीऐवजी तेच फिरवा, पण दोन्ही पायांचे फेरे मोजून सारखे द्या.

५. किती उचलायचं, तर उंची आणि खोलीचं प्रमाण बघा. ४५ सेंटीमीटर खोल आणि १८० सेंटीमीटर उंच कपाट असेल तर मागचे पाय ५ मिलिमीटर उचलल्यावर कपाटाचा माथा २० मिलिमीटर पुढे येतो. म्हणून पाचर थोडी थोडी सरकवा, दर वेळी ओळंबा बघा आणि दार सोडून बघा.

६. सामान परत भरा आणि पुन्हा एकदा दार सोडून बघा. जमीन मऊ असेल किंवा खाली सतरंजीसारखं काही असेल, तर वजन आल्यावर कपाट पुन्हा थोडं बसतं.

पाचरीसाठी पुठ्ठा वापरू नका. माझं उदाहरण वर दिलंच आहे. कडक प्लास्टिक, लाकडाची सपाट चकती किंवा बाजारात मिळणाऱ्या तयार पाचरी वापरा. पाचर पायाच्या पूर्ण तळाखाली यायला हवी, फक्त एका कडेखाली दिली तर ती हळूहळू बाहेर सरकते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दार उघडं राहावं म्हणून कपाट पुढे कलवू नका. ओळंब्यात आलं की थांबा, आणि उरलेला किंचित कल मागे राहिला तरी चालेल, तो बिजागरीत काढता येतो. पुढे झुकलेलं उंच कपाट दारं उघडल्यावर, खण बाहेर ओढल्यावर किंवा एखादं मूल फळीला लटकल्यावर अंगावर येऊ शकतं. कपाट सरळ केल्यावर त्याचा माथा दोन कोनपट्ट्यांनी भिंतीला स्क्रूने बांधून टाका. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि ते टाळायला काही कारण नाही.

भिंतीवर टांगलेली कपाटं

इथे जमिनीऐवजी भिंत कपाटाला कलवते. नेहमी दिसणारा प्रकार असा: भिंतीच्या खालच्या भागात फरशी लावलेली असते, ती कपाटाच्या पाठीमागे मध्येच संपते. कपाटाचा खालचा भाग फरशीवर टेकतो, वरचा भाग मात्र नुसत्या गिलाव्यावर आवळलेला असतो. त्यामुळे फरशीच्या जाडीएवढं कपाट मागे झुकतं आणि सगळे पल्ले मिटू लागतात.

आतल्या वरच्या कोपऱ्यांत प्लास्टिकच्या झाकणाखाली दोन-दोन स्क्रूंचे टांगणीचे ब्रॅकेट असतील तर नशीब समजा. त्यातला एक स्क्रू कपाट वर-खाली करतो आणि दुसरा ते भिंतीकडे ओढतो किंवा सैल सोडतो. कुठला काय करतो ते पाव फेरा फिरवून बघा. भिंतीकडे ओढणारा स्क्रू दोन्ही कोपऱ्यांत सारखा सैल केला की माथा पुढे येतो.

असे ब्रॅकेट नसतील आणि कपाट थेट भिंतीत स्क्रूने आवळलेलं असेल, तर ते रिकामं करून, खालून कोणाला तरी आधार धरायला सांगून, वरचे स्क्रू सैल करावे लागतात. मग माथ्यामागे फरशीच्या जाडीची लाकडी पट्टी सरकवून पुन्हा आवळायचं. पट्टीच्या जाडीएवढा स्क्रू भिंतीतून बाहेर येणार, म्हणून त्या जाडीने लांब असलेले नवे स्क्रू घ्या. जुन्याच स्क्रूंवर भागवणं म्हणजे सगळ्या वजनाचा भार स्क्रूच्या टोकावर टाकणं.

आणि याच्या उलट खूण दिसली, म्हणजे टांगलेल्या कपाटाची आजवर नीट असणारी दारं आपोआप उघडायला लागली, तर ती दारांची तक्रार समजू नका. कपाट वरून भिंत सोडत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी ते रिकामं करा आणि माथा व भिंत यांमधली फट बघा.

ढिले स्क्रू, मोठी झालेली भोकं

दाराचं वजन वरच्या बिजागरीला कपाटापासून ओढतं आणि खालचीला कपाटाकडे दाबतं. त्यामुळे ढिली होते ती नेहमी वरची. ती मोकळ्या कडेच्या दिशेने थोडी उपटली की बिजागऱ्यांची रेषा त्याच दिशेला कलते, आणि दार मिटायला लागतं. सोबत दार खालच्या कोपऱ्यात घासायलाही लागतं. तेव्हा एकच पल्ला मिटत असेल आणि तो खाली घासतही असेल, तर दुसरीकडे शोधू नका.

दार अर्धं उघडून मुठीपाशी धरून हलकं वर उचला. वरच्या बिजागरीत हालचाल दिसली की दोष सापडला. स्क्रू आवळून बघा, पुष्कळदा एवढ्यावर काम होतं. आवळताना विजेचा ड्रिल वापरू नका, हातानेच आवळा. पार्टिकल बोर्डात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत, एक फेरा जास्त झाला की आटे कायमचे जातात.

स्क्रू नुसता फिरतो आणि पकडत नाही, असं असेल तर भोक भरावं लागेल. दाराखाली पुस्तकांचा किंवा लाकडाचा आधार द्या, म्हणजे स्क्रू काढल्यावर दार लोंबणार नाही. लाकूड किंवा प्लायवूड असेल तर काड्यापेटीच्या काड्यांचे गुल तोडून त्या लाकडाच्या गममध्ये बुडवा आणि भोकात घट्ट बसतील तेवढ्या घाला. रात्रभर सुकू द्या. सकाळी बाहेरची टोकं पात्याने कापा, मधोमध स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा आणि स्क्रू पुन्हा बसवा. गम ओला असतानाच स्क्रू आवळायचा मोह होतो. तसं केलं तर काड्या फक्त बाजूला सरकतात.

पार्टिकल बोर्डात काड्यांचा उपाय फार टिकत नाही, कारण भोकाच्या आजूबाजूचा भुसाच सुटलेला असतो. तिथे ८ मिलिमीटरचं स्वच्छ भोक पाडून, त्यात तेवढ्याच जाडीची लाकडी गोल खुंटी गम लावून ठोकायची आणि सुकल्यावर त्या खुंटीत स्क्रू घ्यायचा. भोक पाडताना फळीच्या आरपार जाऊ नये म्हणून ड्रिलच्या बिटवर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळून खूण करून ठेवा.

उंच दाराला तीन बिजागऱ्या असतील तर मधली सर्वांत शेवटी आवळा. आधी वरची आणि खालची जागेवर आणायची, दार दोन-चार वेळा फिरवायचं, मग मधली जिथे आपोआप बसते तिथेच आवळायची. मधली रेषेबाहेर राहिली तर दार कधी अडतं, कधी कुरकुरतं, आणि आवळलेले स्क्रू पुन्हा ढिले होतात.

बिजागरीखाली पॅकिंग

कपाट सरळ आहे, स्क्रू घट्ट आहेत, तरी एक पल्ला सावकाश मिटतोच आहे. आता बिजागऱ्यांची रेषा थोडी सरकवायची. काटकोनातून मिटणाऱ्या, म्हणजे बाजूला कल असलेल्या दारासाठी उपाय सोपा आहे. खालच्या बिजागरीचं कपाटाकडचं पान सोडवा, त्या पानाच्या आकाराची पातळ प्लास्टिकची पट्टी कापा, स्क्रूंच्या जागी भोकं पाडा, ती पानामागे ठेवून बिजागरी परत आवळा. खालची पिन मोकळ्या कडेच्या दिशेने सरकते आणि रेषा उभी होते. दार उघडतं राहिलं तर पट्टी जाड झाली.

मागे कललेल्या रेषेला पॅकिंगने फरक पडत नाही. तिथे वरची बिजागरी एक-दोन मिलिमीटर पुढे घ्यावी लागते. जुनी भोकं वर सांगितल्याप्रमाणे भरून, सुकवून, नवी भोकं जरा पुढे पाडायची. जुन्या भोकाच्या अगदी शेजारी नवं पाडलं तर बिट घसरून जुन्यातच जातं, म्हणून भरणं टाळू नका.

यातून किती मिळतं त्याचाही अंदाज हवा. दोन बिजागऱ्यांत ५० सेंटीमीटर अंतर असेल तर २ मिलिमीटरच्या पॅकिंगने जेमतेम पाव अंशाचा फरक पडतो. पूर्ण एक अंश काढायला जवळजवळ ९ मिलिमीटर लागतील आणि तेवढ्यात दार चौकटीबाहेर जाईल. म्हणून कपाटाचा मोठा कल बिजागरीत लपवता येत नाही. ज्या दाराखाली पॅकिंगचे तीन-चार थर दिसतात, त्याचं कपाट कोणी सरळच केलेलं नसतं.

आतल्या बाजूच्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या

आजच्या कपाटांत बाहेरून न दिसणारी, दाराच्या फळीत गोल वाटीसारखी बसवलेली बिजागरी असते. ही वाटी बहुधा ३५ मिलिमीटर व्यासाची असते. सुतार तिला ऑटो हिंज म्हणतात, आणि दार दबकत मिटवणारी असेल तर हायड्रॉलिक किंवा सॉफ्ट क्लोज. हिच्यातली स्प्रिंग दार मिटत आल्यावर त्याला आत ओढते आणि एका मर्यादेपलीकडे उघडल्यावर सोडून देते. शेवटचं ओढणं हे तिचं कामच आहे, त्यामुळे दाराला वेगळं मॅग्नेट कॅचर लागत नाही.

पण दार पूर्ण उघडूनही परत येत असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली, दार खरंच पूर्ण उघडतंय का? मूठ शेजारच्या भिंतीला किंवा दुसऱ्या कपाटाला अडकते, दार अर्ध्यावरच थांबतं आणि स्प्रिंगच्या तावडीतून सुटतच नाही, असं होतं. तिथे आखूड मूठ लावली की प्रश्न मिटतो. दुसरी, कपाटाचा कल. या बिजागरीवरही वजनाचा तोच नियम चालतो, त्यामुळे वरची परीक्षा इथेही करा.

हिच्या हातावर, म्हणजे वाटीला कपाटाशी जोडणाऱ्या दांड्यावर, दोन स्क्रू दिसतात. दाराजवळचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा स्क्रू दार पुढे-मागे. उंचीचा स्क्रू असला तर तो कपाटाला लावलेल्या पट्टीवर असतो. दार ओढ घेत असताना हे स्क्रू वाटेल तसे फिरवू नका. ते दारांमधल्या फटी सारख्या करण्यासाठी आहेत. कल काढण्याची त्यांची ताकद फारच थोडी. वरच्या बिजागरीचा पुढे-मागेचा स्क्रू वापरून माथ्याला एखादा मिलिमीटर बाहेर घेता येतो, त्याहून जास्त घेतलं तर वर फट दिसायला लागते. सॉफ्ट क्लोज बिजागरीवर छोटं बटण असेल तर ते फक्त दबकत मिटणं बंद करतं. स्प्रिंगची ओढ तशीच राहते.

स्प्रिंग अजिबात नको असेल तर बिनस्प्रिंगच्या, मोकळ्या फिरणाऱ्या ऑटो बिजागऱ्या मिळतात. जुनी बिजागरी सोबत नेऊन वाटीचा व्यास आणि हाताचा बाक जुळवूनच घ्या. हाताचा बाक चुकला तर दार चौकटीवर बसणारच नाही. आणि मग दार मिटलेलं धरून ठेवायला मॅग्नेट लावावं लागेल हेही ध्यानात ठेवा.

घर्षण वाढवणं

भाड्याचं घर आहे, कपाट भिंतीत बांधलेलं आहे, हलवता येत नाही, अशा वेळी कल तसाच ठेवून दाराला थोपवायचा उपाय करावा लागतो. साध्या बिजागरीची पिन काढता येत असेल तर जुन्या सुतारांची एक युक्ती आहे. दाराला खालून आधार द्या, एकाच बिजागरीची पिन खालून खिळ्याने ठोकून वर काढा. ती दोन लाकडी तुकड्यांवर आडवी ठेवून मधोमध हातोडीचा एक हलका ठोका द्या, इतका हलका की वाक नीट पाहिल्यावरच दिसेल. पिन परत ठोकून बसवा. वाकलेली पिन नळीत घासते आणि दार सोडाल तिथे थांबतं. जास्त वाकवली तर ती परत जाणारच नाही, म्हणून दोन वेळा हलकं ठोकणं एकदा जोरात ठोकण्यापेक्षा बरं. दुसऱ्या पिनेला आधीच हात लावू नका, बहुतेक वेळा एक पुरते.

कपाटाच्या पुष्कळ बिजागऱ्यांच्या पिना कायमच्या बसवलेल्या असतात. तिथे दार पूर्ण उघडल्यावर टेकतं त्या जागी छोटं मॅग्नेट लावा, किंवा दार आणि कपाट यांमध्ये अडवणारा स्टे, म्हणजे दार धरून ठेवणारा दांडा, बसवा.

वर उचलायच्या दारांना यातलं काहीच लागू होत नाही. ती पडतात, कारण त्यांना धरणारा गॅसचा दांडा थकलेला असतो. तो दुरुस्त होत नाही आणि उघडायचा प्रयत्नही करू नका, आत मोठा दाब असतो. त्याच्या नळीवर न्यूटनमध्ये छापलेला आकडा आणि त्याची पूर्ण उघडी लांबी लिहून घ्या, त्याच मापाची जोडी आणा, आणि एका वेळी एकच बदला, पण जुन्या दांड्यावर विसंबू नका, तोवर दाराला खालून आधार द्या.